बावीस गोड, एक आंबट

रावजीला या सगळ्या प्रकरणातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. आठवड्याला दोन किलो काजू. माणसं याहून कमी फायद्यासाठी देवाला कामाला लावतात, त्यामुळे रावजीला मी फार नावं ठेवणार नाही.

रावजी म्हणजे सहादूशेठचा मेहुणा. सहादूशेठचा चिवड्याचा कारखाना पंचवटीतल्या आमच्याच बोळात, माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर. कारखान्यात बाया तेवीस. कुणी पोहे चाळायची, कुणी लासलगावचा वाळवलेला कांदा तळायची, कुणी पुड्या बांधायची. रावजी देखरेख करायचा. देखरेख म्हणजे मनगटावर घड्याळ बांधायचं आणि त्यात बघायचं. ते घड्याळ मी दोनदा दुरुस्त केलं होतं आणि दोन्ही खेपेला ते बंद असल्याचं रावजीला आठवडाभराने कळलं होतं. कोठीच्या किल्ल्या मात्र त्याच्याच कमरेला. कोठीतले काजू मागच्या दाराने कसे जात, हे त्या किल्ल्यांनाच माहीत.

आणि ठमाबाईंना. ठमाबाई म्हणजे मसाल्याच्या बाई. एकोणीस वर्षं त्यांनी तो मसाला कालवला. कोठीतून आलेला जिन्नस तागडीत घातल्याशिवाय त्या हात लावत नसत, आणि प्रत्येक घाणा झाला की चिमूटभर जिभेवर ठेवून दोनच शब्द बोलत. "मीठ कमी." किंवा "जाऊ द्या." सहादूशेठचा चिवडा देवळाली कॅम्पातल्या फौजींच्या बायकांपर्यंत पोचला तो याच जिभेवरून. त्याच बाईंनी गणपतीनंतर एक दिवस शेठला भर कारखान्यात सांगितलं, "शेठ, काजू कमी भरत्यात. मागल्या म्हयन्यापासून."

शेठ म्हणाले, "बघू."

ते रावजीनेही ऐकलं. त्यानेही मनात "बघू"च म्हटलं असणार.

आठच दिवसांनी, एकोणऐंशी सालच्या दसऱ्याच्या तोंडावर, गादीवरच्या फडताळातली चांदीची लक्ष्मी नाहीशी झाली. शेठ पोलिसांत निघाले होते. रावजीने त्यांना दारातच अडवलं. "दाजी, पोलीस आले की आधी चहा, मग चिवडा, मग चौकशी. कारखान्याचं नाव जाईल ते वेगळंच. माझ्या ओळखीचे एक महाराज आहेत. घटकेत चोर काढून देतील."

आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता जिव्हासत्य महाराज कारखान्याच्या अंगणात येऊन बसले.

लोक त्यांना जीभवाले बाबा म्हणत. बोळात उभं राहायला जागा नव्हती. समोरचा न्हावी अर्धी दाढी तशीच सोडून आला होता, आणि ज्याची ती अर्धी राहिली ते गिऱ्हाईकही फेसासकट आलं होतं. बाबांनी ब्रह्मगिरीच्या कपारीत बारा वर्षं मौन पाळलं होतं म्हणे. त्या बारा वर्षांची सगळी थकबाकी ते आता एका बैठकीत फेडत होते.

"जबान झूठ बोलेगी, थूंक नहीं बोलेगी," बाबा म्हणाले. "बेटा, जीभ माणसाची. थुंकी देवाची. माणूस वकिलाला फसवतो, बायकोला फसवतो, इन्कमटॅक्सला तर फसवतोच. पण स्वतःच्या थुंकीला फसवणारा अजून जन्मला नाही."

लोकांनी माना डोलावल्या. थुंकीविषयी इतक्या आदराने कुणी बोललेलं बोळाने कधी ऐकलं नव्हतं. आमच्या बोळात ती भिंतीवरच पाहायची सवय.

परीक्षेची रीत साधी होती. एकेका बाईने पुढे यायचं, "मी लक्ष्मीला हात लावला नाही" असं मोठ्याने म्हणायचं. मग बाबा जिभेवर पांढऱ्या पुडीचा चिमूटभर प्रसाद ठेवणार. त्यावर तांदळाच्या पातळ पेजेचा एक चमचा. ती गिळायची नाही, तोंडात घोळवत धरायची. बाबांचा मंत्र संपला की पांढऱ्या बशीत टाकायची. बाबा तिच्यावर तपकिरी बाटलीतला एक थेंब सोडणार. त्या थेंबाचं नाव शनीचा डोळा. बाई खरी असेल तर पेज पिवळसर राहणार. खोटी असेल तर काळी पडणार.

आधी खात्री पटावी म्हणून बाबांनी नुसत्या पेजेत एक थेंब टाकून दाखवला. पेज काळीनिळी झाली, दौतीतल्या शाईसारखी. "हे पाप," बाबा म्हणाले. अंगणातून एक लांब सुस्कारा गेला. पेजेने सकाळपासून काय पाप केलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

पहिली फुलाबाई, पुड्या बांधणारी. मागच्या आठवड्यात तिने घरी नेलेले शेंगदाणे तिच्या डोळ्यांपुढे नाचत असणार. थेंब पडला. पेज पिवळसर राहिली. फुलाबाईने तिथेच बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग दुसरी, तिसरी, दहावी. बावीस बाया, बावीस पिवळ्या बशा. प्रत्येक बाई उठताना दोन बोटं उंच झालेली. फुलाबाईला तर मी शेजारणीला म्हणताना ऐकलं, "आता सासूला सांगते, देवाने सर्टिफिकेट दिलं म्हणून."

मला आपली काटे बघायची खोड. एका बाईचा मंत्र तीन मिनिटांचा, सेकंदाचाही फरक नाही. बाबा ब्रह्मगिरीवरून येताना घड्याळ गिळून आले असावेत. आणखी एक गोष्ट दिसली. बाबांच्या पुढ्यात पुडीच्या दोन पुरचुंड्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. बावीस जणींना प्रसाद उजव्या हाताने, उजव्या पुरचुंडीतला.

शेवटी ठमाबाई आल्या. पदर खोचलेला, हातात तागडीची दोरी तशीच राहिलेली. म्हणाल्या, "मी लक्षुमीला हात लावला नाय. मी रोज तिला नमस्कार करीत होते, तेवढा हिशेब माझा."

बाबांनी डाव्या पुरचुंडीत डावा हात घातला.

"महाराज, डाव्या हातानं परसाद?" ठमाबाई म्हणाल्या.

"पाप्याला डावाच," बाबा म्हणाले, आणि सभा थरारली. परीक्षा व्हायच्या आधीच बाबांना निकाल कळला होता. याला लोक अंतर्ज्ञान म्हणतात. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाने घड्याळ उघडायच्या आधीच बिघाड सांगितला, तर तो त्यानेच केलेला असतो.

ठमाबाईंनी तोंड मिटलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला. मंत्र झाला. पेज बशीत पडली, थेंब पडला, आणि पेज काळीनिळी झाली.

"मला आंबट लागलं," ठमाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. घाण्यात काय कमी आहे ते सांगावं तसं म्हणाल्या. "आंबट, अन् बडीशेपेचा वास."

"पाप्याच्या तोंडात अमृत आंबतं," बाबा म्हणाले. "तुम्ही बोला गं मुलींनो, प्रसाद कसा होता?"

"गोड," बावीस जणी म्हणाल्या.

शेठ ठमाबाईंकडे न बघता बोलले. "उद्यापासून येऊ नका. लक्ष्मी आणून ठेवलीत तर मी पोलिसांत जाणार नाही. एकोणीस वर्षांकडे बघून एवढं करतो."

तागडीची दोरी ठमाबाईंनी खुंटीला अडकवली आणि गेल्या. चिवड्याच्या धंद्यात चोर ठरलेल्या बाईला गावातल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात पाट मिळत नाही, कारण तिच्या हातात सगळ्यांत महागाचे जिन्नस असतात. म्हणजे बाई पन्नाशीला आल्यावर त्या एका चमच्याने त्यांची नोकरी गेली, नाव गेलं आणि पुढची नोकरीही गेली. मसाल्याच्या पाटावर दुसऱ्या दिवशी रावजीची बायको बसली. तिला जिन्नस तोलून घ्यायची वाईट सवय नव्हती.

सातव्या दिवशी ठमाबाई माझ्या पायरीवर येऊन बसल्या. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे. समोरच्या कारखान्याकडे पाठ करून बसल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मानूस झोपंत चोरी करतं का हो?"

"का?"

"बावीस जनींना गोड लागलं. मला एकटीला आंबट. एवढ्या बाया खोटं कशाला बोलतील? माझी जीभच गेली आसंल. जीभ गेली म्हंजी डोकंबी गेलं आसंल. मीच उचलून कुठं ठिवली, अन् इसरले, असं तर नाय ना झालं?"

मला राग बाबांचा आला नव्हता, तो त्याच्या पोटाचा धंदा करत होता. राग याचा आला, की ज्या जिभेवर अख्ख्या कारखान्याने भरवसा ठेवला तिच्यावरचा भरवसा त्या बाईंनी स्वतःच काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी गांगुर्डेबाई आल्या. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. एचएमटी घड्याळ मागे पडतं अशी तक्रार होती. पट्टा सोडता सोडता त्यांनी विचारलं, "समोरच्या ठमाबाईंची नात माझ्या वर्गात आहे. चार दिवस शाळेत आली नाही. मुली तिला चोरटीची नात म्हणतात. काय प्रकार आहे?"

मी सगळं सांगितलं. पेज, पुडी, थेंब, मंत्राची तीन मिनिटं, डावा हात. शनीच्या डोळ्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"तपकिरी? औषधी वास?"

"न्हाव्याकडे कापल्यावर लावतात तसा."

"टिंचर आयोडीन," गांगुर्डेबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "अहो, पिठावर आयोडीन पडलं की ते निळंकाळं होणारच. सातवीच्या मुली बटाट्यावर करून बघतात. ठमाबाईंची पेज काळी झाली यात नवल काय? नवल बाकीच्या बावीस जणींचं आहे. त्यांची काळी का झाली नाही? पेजेतलं पीठ गेलं कुठे?"

"कुठे?"

"खाल्लं. त्यांच्या लाळेनं. चोरच म्हणायचं असेल तर तो त्या बावीस जणींच्या तोंडात आहे. माझ्या आणि तुमच्याही. ठमाबाईंच्या तोंडातला तेवढा कुणी तरी त्या दिवशी बांधून ठेवला होता."

मी म्हटलं, "बाई, करून दाखवा. मी पुर्जे बघितल्याशिवाय घड्याळावर विश्वास ठेवत नाही."

त्या संध्याकाळी शाळेतून टिंचरची बाटली घेऊन आल्या. पुर्जे धुवायच्या माझ्या काचेच्या चार वाट्या त्यांनी साबणाने दोनदा धुतल्या, वास घेतला, तिसऱ्यांदा धुतल्या. मग मला थुंकायला सांगितलं. देवाच्या थुंकीचा मान आता माझ्या थुंकीला.

पहिल्या वाटीत पातळ पेज आणि लाळ, आणि वाटी कोमट पाण्यात. दुसरीत तेच, पण लाळ आधी स्टोव्हवर उकळून गार केलेली. तिसरीत लाळ आणि पेज, वर चिमूटभर लिंबूसत्व, म्हणजे वाण्याकडे मिळते ती लिंबाऐवजी वापरायची पांढरी पूड. चौथीतली लाळ आणि पेज आधी वेगवेगळी गार केली, मग एकत्र करून सरबतवाल्याकडून आणलेल्या बर्फात ठेवली. पाच मिनिटं मी काटा धरला. मग प्रत्येकीतलं थोडं थोडं बशीत काढून थेंब.

पहिली पिवळसर. दुसरी काळी. तिसरी काळी. चौथीही काळी.

"आता गंमत बघा," गांगुर्डेबाई म्हणाल्या. बर्फातल्या वाटीत उरलेलं त्यांनी कोमट पाण्यात ठेवलं. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. पिवळसर. उकळलेल्या लाळेलाही तशीच ऊब दिली. ती काळीच.

"हिची झोप मोडली," मी बर्फाच्या वाटीकडे बोट करून म्हटलं. "आणि ही?"

"ती मेली. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून पुन्हा कच्चं होतं का?" बाई म्हणाल्या. "आपल्या लाळेत एक विकर असतं. एन्झाइम म्हणतात ते. ते पिठाचे तुकडे करतं, लहान लहान, गोडसर. पोळीचा घास न गिळता चावत राहा, गोड लागायला लागतो, तो याच्यामुळे. समोरच्या कारखान्यात शेंगा फोडणारी बाई असते ना, तसं. शेकडो शेंगा फोडते, पण स्वतः संपत नाही. आणि शेंगाच फोडते. तिच्यापुढे कांदा ठेवा, हात लावणार नाही. पिठाचं विकर पिठालाच, तुपाला वेगळं, डाळीला वेगळं. शरीरात अशी हजारो आहेत. घास पचवायचा, ताकद काढायची, जखम भरायची, सगळी कामं त्यांची."

"आणि आंबटानं काय होतं?"

"प्रत्येक विकराचा एक बेत असतो. ऊब किती, आंबटपणा किती, वेळ किती. लाळेच्या विकराला तोंडाची ऊब लागते आणि आंबट चालत नाही. गारठ्यात आळसावतं, उकळीत मरतं, आंबटात बिघडून बसतं. घास पोटातल्या आंबटात मुरला की तिथे ते बंदच पडतं, तिथलं काम दुसऱ्यांकडे जातं. तुमच्या बाबानं ऊब दिली, तीन मिनिटं वेळ दिला, पेज मुद्दाम पाण्यासारखी पातळ ठेवली. बावीस तोंडांत विकराचं काम बिनबोभाट झालं. तेविसाव्या तोंडात आंबट घातलं."

"आंबट, अन् बडीशेपेचा वास," मी म्हणालो.

ठमाबाईंना बोलावून आणलं. गांगुर्डेबाईंनी त्यांच्या तळहातावर नुसती साखर ठेवली, मग लिंबूसत्व. ठमाबाईंनी डोळे मिटून सांगितलं, साखर कुठली, सत्व कुठलं. मग स्वतःच थांबल्या.

"पन त्यात बडीशेप व्हती, बाई. पिठीसाखर, सत्व अन् बडीशेपेची पूड. ह्ये तर माझं आंबटगोड. चिवड्याला लावायला मी डब्यात कालवून ठिवते, त्येच."

यात रावजीचं कर्तृत्व दिसलं. बाबाने सांगितलं असणार, साखर आणि लिंबूसत्व मिसळून आण. रावजी दोन जिन्नस मोजायच्या फंदात पडला नाही. कोठीतला तयार डबा उघडला आणि पुरचुंडी भरली. जिच्या हातचा मसाला, तिलाच चाखायला दिला. आळशी माणसाला कटात घेऊ नये, एवढा धडा बाबाला फुकट मिळाला.

"म्हंजी माझी जीभ जाग्यावर हाय?" ठमाबाईंनी विचारलं.

"तुमची एकटीचीच जाग्यावर होती," गांगुर्डेबाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी कारखान्याच्याच अंगणात बाबांचा खुला दरबार होता. चोर पकडल्याची बातमी हरसूलच्या बाजारापर्यंत गेली होती. कुणाची शेळी हरवली होती, कुणाची सून ऐकत नव्हती, एकाला भावाने बांध कोरल्याचा संशय होता. प्रत्येकाच्या हातात नारळ आणि सव्वा रुपया. रांगेत सातव्या नंबरला गांगुर्डेबाई उभ्या होत्या.

"बोल बेटी, काय गेलं?"

"काही नाही महाराज. माझं म्हणणं खरं की खोटं तेवढं बघायचंय." आणि बाई वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझं वय एकशे दहा वर्षं आहे. मी विलायतची राणी आहे. आणि हा कारखाना मी काल विकत घेतला."

अंगणात हशा पिकला. बाबा गडबडले. "बेटी, देवाची मस्करी करू नको."

"मस्करी असेल तर पेज काळी पडेल ना, महाराज. पडू द्या."

लोक ओरडले, "द्या, द्या." बाबांचा हात एकदा डावीकडे गेला. बाई चढ्या आवाजात म्हणाल्या, "राणीला डाव्या हाताने प्रसाद देतात का?" आणि उजव्या पुरचुंडीतली चिमूट स्वतःच जिभेवर ठेवली. पेज तोंडात धरली. बाबांचा मंत्र दुसऱ्या मिनिटालाच संपायला लागला, तेव्हा बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी दुकानातलं मोठं घड्याळ उचलून आणलं होतं. "तीन मिनिटं," मी म्हणालो. "त्या दिवशी बावीस वेळा तीनच होती."

थेंब पडला. पेज पिवळसर राहिली.

"महाराणीचा मुजरा घ्या," मागून न्हावी म्हणाला.

"आता शेठ, तुम्ही या," गांगुर्डेबाई म्हणाल्या. "फक्त तुमचं नाव सांगायचं. आणि प्रसाद डावीकडचा."

सहादूशेठ कधी बाबांकडे, कधी मेहुण्याकडे बघत पुढे आले. "मी सहादू. हा कारखाना माझा." चिमूट तोंडात पडताच त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पेज धरली. तीन मिनिटांनी थेंब पडला आणि पेज काळीकुट्ट झाली.

शेठ बशीकडे बघत राहिले. बाबांच्या कायद्याने त्यांचं नावही खोटं आणि कारखानाही त्यांचा नव्हता.

"आंबट लागलं का?" ठमाबाईंनी विचारलं. त्या रांगेच्या शेवटी उभ्या होत्या.

"हो," शेठ म्हणाले. मग हळूच, "आणि बडीशेप."

बाबांनी शाप द्यायला हात वर केला होता, पण लोकांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. कुणी तरी ओरडलं, "रावजीला द्या डावीकडची. रावजीची परीक्षा करा." चार हातांनी रावजीला पुढे ढकललंही. त्याच्या तोंडाला त्या घडीला लाळ उरली असेल असं वाटत नव्हतं.

"थांबा," गांगुर्डेबाई म्हणाल्या. "डावीकडचं तुम्ही कुणालाही द्या, काळंच होणार. उजवीकडचं कुणालाही द्या, पिवळंच राहणार. रावजींचं काळं झालं म्हणून ते चोर ठरणार असतील, तर ठमाबाईही चोर ठरल्या. लाळेला पीठ कळतं. चोरी कळत नाही. ज्याला चोरी शोधायची आहे त्याने तागडी आणावी."

लोक नाराज झाले. एक तमाशा त्यांच्या हातातून जात होता. पण ठमाबाई खुंटीपाशी गेल्या, दोरी काढली, आणि शेठना म्हणाल्या, "कोठी उघडा. काजू तोलून बघू."

काजूचे डबे पाच. पहिले चार तोलले, प्रत्येकात दीड-दोन किलो कमी. पाचवा तोलला, वजन बरोबर. शेठनी सुटकेचा श्वास सोडला. ठमाबाईंनी नाही सोडला.

"वजन पुरं, अन् डबा हलवला तर टनक वाजतोय," त्या म्हणाल्या. "काजू वाजत नसत्यात."

डबा पालथा केला. वर ओंजळभर काजू, खाली गोदाकाठचे गोटे, आणि गोट्यांमध्ये फडक्यात गुंडाळलेली चांदीची लक्ष्मी. देवी बारा-तेरा दिवस काजूंच्या सहवासात होती. डब्याला हात लावायचा परवाना फक्त किल्लीवाल्याला.

रावजी म्हणाला, "दाजी, ही तिथे कशी गेली?"

"चालत गेली आसंल," ठमाबाई म्हणाल्या. "लक्षुमी चंचल असती म्हनत्यात."

बाबा या गडबडीत पुरचुंड्या, बाटली आणि त्या दिवशी जमलेले नारळ घेऊन उठले. पुढे कळलं, ते एके काळी कुठल्याशा तालुक्याला दवाखान्यात कंपाउंडर होते. ब्रह्मगिरीची बारा वर्षं त्यांनी औषधांच्या बाटल्यांत काढली होती. एवढं विज्ञान हाती असून ते मुलींना शिकवावंसं वाटलं नाही, हे आपलं नशीब म्हणायचं की त्यांचं, ठरवणं अवघड आहे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत चमत्कारिक वाटते. ठमाबाई सुटल्या याचा आनंद बावीस जणींना व्हायला हवा होता. फुलाबाई दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "भाऊ, ठमाबाईचा निकाल खोटा होता ते ठीक. पण आमचा खरा होता ना?" बाबा खोटा ठरला तसं तिचं सर्टिफिकेटही गेलं होतं. सासूला काय सांगणार, हा प्रश्न होता. मी म्हटलं, "फुलाबाई, तू चोर नाहीस हे सांगायला थुंकी कशाला लागते?" ती तशीच पायरी उतरून गेली. शेंगदाणे तिला पुन्हा आठवले असावेत.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. पेज सगळ्यांच्या घरी असते आणि टिंचर औषधाच्या दुकानात मिळतं. एका वाटीत थुंका, एकीत नको, तिसरीत थुंकून वर लिंबूसत्व घाला, पाच मिनिटांनी थेंब सोडा, आणि बघा. पोटात काही जायला नको एवढं सांभाळा. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्यापुढे चमत्कार मांडला, तर हात जोडण्याआधी म्हणा, "पुन्हा करा, आणि या खेपेला पुरचुंडी मी निवडतो." खऱ्या गोष्टीला दुसऱ्या परीक्षेची भीती नसते. आपल्या लाळेतलं विकर गरीब-श्रीमंत, चोर-साव, कुणालाही न विचारता रोज तीन वेळा तेच काम करतं. त्याला शनीचा डोळा लागत नाही.

आता कुणी काय भरलं ते सांगून संपवतो. रावजीच्या कमरेच्या किल्ल्या गेल्या, पण बायकोचा भाऊ कुठे जात नाही. तो आता सायकलवर देवळाली कॅम्पाला माल पोचवतो. गेलेले काजू शेठच्या अंगावर पडले. अकरा दिवसांचा रोज त्यांनी ठमाबाईंना दिला आणि सगळ्यांदेखत हातही जोडले. हरसूलच्या माणसाची शेळी अजून सापडलेली नाही, सव्वा रुपया मात्र गेला. नात शाळेत जाते, कधीमधी रडत येते. बाबांनी काहीच भरलं नाही, नारळ घेऊन गेले.

ठमाबाई पुन्हा मसाल्याच्या पाटावर बसतात. पूर्वी त्या घाण्यातली चिमूट जिभेवर ठेवायच्या आणि लगेच सांगायच्या. आता चिमूट ठेवतात, क्षणभर थांबतात, आणि शेजारच्या बाईला विचारतात, "तुला कसं लागतंय गं?"

ते थांबणं कुणी भरून द्यायचं, हे अजून ठरलेलं नाही.